पडद्यावर आलेली लेक

सभागृहाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे, आणि सगळे त्यांना शिल्लकताई म्हणत. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, पण ते वाचतो कोण! परिषद डॉक्टरांची असो, शिक्षकांची असो की पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांची, शेवटचा पाहुणा दाराबाहेर पडला की ताई एक फेरी मारत आणि स्वयंपाकघरापासून स्टेजपर्यंत दिसेल त्याला एकच प्रश्न विचारत, "काय शिल्लक राहिलं?"

भात राहिला, तर पुढच्या वेळी आचाऱ्याची खैर नसे. कापडी फलक राहिले, तर ताई खूश. फलकावर त्या साल-तारीख घालूच देत नसत. "तारीख घातली की तो फलक दुसऱ्या दिवशी मेला," म्हणायच्या. गळ्यातल्या ओळखपट्ट्या दाराशी टोपलीत परत घ्यायच्या, प्यायला जग आणि काचेचे पेले, स्टेजवर फुलांच्या गुच्छांऐवजी रोपवाटिकेतून दोन दिवसांपुरत्या आणलेल्या कुंड्या. कार्यक्रमाची वेळसुद्धा त्या रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवून ठरवत, म्हणजे माणसं गाड्या काढून येणार नाहीत. सुरुवातीला लोक हसले. मग सवय झाली. पुढेपुढे तर दुसऱ्या शहरांतली सभागृहं त्यांना बोलावून विचारू लागली, की बाई, हे तुम्ही जमवता कसं?

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कधी, तर त्या स्वागतकक्षात नव्या लागल्या होत्या तेव्हा. पिण्याच्या पाण्यावर मोठी परिषद झाली. संपली तेव्हा प्रत्येक खुर्चीखाली एक अर्धी प्यायलेली बाटली. ताईंची लेक तेव्हा शाळेतून सुटली की आईची वाट बघत मागच्या रांगेत अभ्यास करत बसायची. मायलेकी दोघी बाटल्या गोळा करून कुंड्यांत ओतू लागल्या. कुंड्या तुडुंब भरल्या, ओघळ व्हरांड्यात आले, तरी बाटल्या संपेनात.

"आई," लेकीनं विचारलं, "ही माणसं पाणी वाचवायलाच आली होती ना गं?"

ताईंना आधी हसू आवरेना, मग त्यांनी हातातल्या अर्ध्या बाटलीकडे नीट बघितलं.

लेकीनं पुढे पाण्याचीच वाट धरली. नद्यांचा अभ्यास करत करत ती अशा दूरच्या देशात जाऊन पोचली, की इथं दुपारची जेवणं होत तेव्हा तिथं उजाडत असे. तिथंच नोकरी, तिथंच घर. मधूनमधून यायची, पण ते येणं म्हणजे पाहुण्याचं. मागच्या वेळी कुठल्याशा बैठकीला जाता जाता तीन दिवस आली. त्यातला दीड दिवस झोपेत गेला. ताई दाराच्या फटीतून तिचं झोपलेलं तोंड बघत बसल्या. उठवायचा धीर झाला नाही.

घरात उरलं नवराबायकोचं जोडपं. नवराही सभागृहातलाच, ध्वनियंत्रणा सांभाळणारा. जन्मभर माईकसमोर "हॅलो, हॅलो" म्हणत आल्यामुळे त्याचं नाव पडलं हॅलोकाका. शिल्लकताई आणि हॅलोकाका, असा तो संसार. लोक म्हणायचे, एकाचा आवाज फार आणि दुसरीचा हिशेब फार. काका आता निवृत्त झाले होते. लेकीचा फोन आला की दोन शब्द बोलत आणि फोन ताईंच्या हातात देत. "तुम्ही बोला गं मायलेकी," म्हणत आणि गॅलरीत जाऊन बसत. ताईंना वाटे, पुरुषाचं मन. लेकीचा आवाज ऐकून गलबलत असेल.

ताईंनी घातलेल्या नियमांत एक नियम सगळ्यांत कडक होता. अर्ध्या तासाच्या भाषणासाठी कुणाला समुद्रापलीकडून विमानानं आणायचं नाही. पाहुण्यानं आपल्या गावातूनच पडद्यावरून बोलावं. यायचंच असेल तर चार कामं गाठीला बांधून यावं, राहावं, शिकवावं. "सगळ्या प्लेटा आणि पेले एका पारड्यात घाला," ताई म्हणत, "आणि एका विमानफेरीचा धूर दुसऱ्यात. आपलं पारडं वरच राहतं." या नियमापायी त्यांनी मोठमोठ्यांना नाही म्हटलं होतं. एक नावाजलेले सर्जन तर त्यांच्याशी कायमचे बोलेनासे झाले.

आणि मग नद्यांवरची परिषद आली. अध्यक्ष होते एक वृद्ध प्राध्यापक, मोठा भला माणूस. पहिल्याच बैठकीत ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "ताई, मुख्य भाषणाला आम्ही कुणाचं नाव काढलंय, ओळखा बघू."

ताईंनी ओळखलं.

"तुमचीच लेक. तिच्याइतकं काम या विषयात सध्या कुणाचं नाही. आणि हे बघा, तुमचा नियम आम्हाला ठाऊक आहे. पण एवढ्या वर्षांत एकदा तरी स्वतःसाठी वाकवा की. तिला बोलावून घेऊ. समितीत कुणी हूं की चूं करणार नाही."

ताईंनी टेबलावरच्या पेल्याकडे बघितलं. त्या एवढ्याशा वेळात त्यांनी लेकीच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या, खिडकीचे पडदे धुतले, विमानतळाकडून येणाऱ्या गाडीसाठी स्टेशनवर जाऊन उभ्यासुद्धा राहिल्या. मग त्यांना ते सर्जन आठवले. आणि सभागृहातली सगळी तोंडं आठवली, आचाऱ्यापासून झाडूवाल्यांपर्यंत, ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं एकेका पेल्यावरून धारेवर धरलं होतं.

"नको सर," त्या म्हणाल्या. "उद्या लोक म्हणतील, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ती पडद्यावरूनच बोलेल."

घरी येऊन त्यांनी काकांना सांगितलं. काका बूट पुसत होते. "बरं," म्हणाले, आणि तोच पुसलेला बूट पुन्हा पुसायला घेतला.

चार दिवसांनी लेकीचा फोन आला. तिला अध्यक्षांकडून कळलं होतं.

"आई, तू नाही म्हणालीस?"

"अगं, नियम तुला माहीत आहे. तूच तर म्हणायचीस..."

"मला माहीत आहे मी काय म्हणायचे. पण मला एकदा विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

लेक हळूच म्हणाली, "नाहीच म्हणाले असते बहुतेक. पण आधी थोडे दिवस येण्याचा विचार तरी केला असता. तेवढाही तू ठेवला नाहीस."

फोन ठेवल्यावर ताई उगीचच लेकीच्या खोलीत गेल्या. खोलीत काकांच्या जुन्या वायरींची भेंडोळी पडली होती. त्यांनी ती एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

परिषदेच्या दिवशी दालन खच्चून भरलं. नव्या ध्वनिवाल्याला सर्दी झाली, म्हणून काकाच मदतीला आले होते. निदान कारण तरी तेच सांगितलं. लेकीचं भाषण जेवणाच्या आधी ठेवलं होतं. दिवे मंद झाले, पडदा उजळला आणि लेक आली. भिंतीएवढी.

ताई मागच्या दाराशी उभ्या होत्या. फोनच्या तळहाताएवढ्या काचेत दिसणारी लेक त्यांना पाठ होती. ही लेक त्यांनी पाहिलीच नव्हती. कानशिलावर पांढऱ्या केसांची बट, डोळ्यांखाली बारीक रेघा, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावलेली. केव्हा पिकली ही? कुणी सांगितलं नाही, आणि आपण विचारलं नाही. नद्या आटल्या की त्यांच्या काठची गावं कशी बदलतात, हे लेक समजावून सांगत होती. लोक भराभर टिपून घेत होते. ताईंच्या कानांवर शब्द पडत होते, पण त्यांचं सगळं लक्ष त्या चिकटपट्टीवर. नवी काडी बसवायला कुणी सोबत जाणारं नाही का तिला?

एवढ्यात त्यांची नजर काकांवर गेली. काका स्टेजच्या बाजूच्या उंच स्पीकरला जवळजवळ टेकून उभे होते. डोळे मिटलेले. आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, मंडळी जेवायला गेली. ताई काकांजवळ गेल्या.

"अहो, काय झालं? बरं नाही का वाटत?"

काकांनी त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं, मग म्हणाले, "सगळं ऐकू आलं गं. एकूण एक शब्द."

"म्हणजे?"

"फोनवर तिचं काही कळत नाही मला. वर्ष होऊन गेलं. नुसती कुजबुज येते. म्हणून तुला देतो." ते ओशाळं हसले. "जन्मभर दुसऱ्यांचे आवाज चढवले, आता माझेच कान उतरले. कुणाला सांगू?"

ज्या दिवशी ताईंनी नियम पाळला, त्या दिवशी हा माणूस पुसलेला बूट का पुसत होता, ते त्यांना आत्ता उमगलं.

"मला का नाही सांगितलंत?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "बोलावलं असतं मी तिला!"

"म्हणूनच नाही सांगितलं," काका म्हणाले. "तुझा शब्द माझ्या कानांपायी मोडायचा, आणि मग लोकांत तू मान खाली घालून फिरायचीस. ते मला बघवलं नसतं."

पडद्यावरून आवाज आला, "आई? बाबा? तुम्ही आहात का तिथं?"

जोडणी चालूच राहिली होती. लेक तिथं एकटी बसून पावाला लोणी लावत होती. तिची न्याहारी चालली होती. किती ऐकलं होतं तिनं, कोण जाणे. काका लगबगीनं माईकपाशी गेले, सवयीनं "हॅलो, हॅलो" म्हणाले, आणि त्या रिकाम्या दालनात बापलेक बोलू लागले. वर्षभराचं साचलेलं. मांजर कसं आहे, गुडघा कसा आहे, चष्म्याला ते काय लावलंयस, भलतीच वाळलीस. लेक मोठ्यानं हसली की सगळं दालन हसल्यासारखं घुमायचं. ताईंनी दोन ताटं आणली. तिघं जेवली, दोघं दुपारचं, एक सकाळचं. हात धुवायला उठताना ताईंनी नकळत पडद्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "आण तुझी बशी इकडे." मग भानावर येऊन त्यांनी पदराशीच चाळा केला. लेकीनं मान खाली घातली होती.

पुढच्याच महिन्यात सभागृहाचे जुने स्पीकर भंगारात निघाले. ताईंनी रीतसर मागून ते घरी आणले. त्या दिवशी "काय शिल्लक राहिलं" या त्यांच्या प्रश्नाला स्वयंपाकघरातनं उत्तर आलं, "तुम्हीच नेलंत सगळं!" काकांनी ते जेवणाच्या खोलीत बसवले. रविवारी लेकीचा फोन आला की भांडी थरथरत. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की आपणहून विचारत, "लेकीचा खोकला बरा झाला का हो?" काका ऐकत होते, हेच खूप होतं. पण दर रविवारी थोडा आवाज वाढवावा लागे, हेही ताईंच्या नजरेतून सुटत नव्हतं. डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं. त्यानं जवळचं माणूस ऐकू येई, समोर बसलेलं, फोनवरचं नाही.

लेकीनं तिकडे खटपट चालवलीच होती. अखेर तिच्या संस्थेनं मान्य केलं, की इथल्या नदीच्या खोऱ्यात पावसाळाभर राहून तिनं मोजणी करावी, इथल्या कॉलेजात शिकवावं आणि मग परतावं. एका फेरीत चार कामं. कुणाला बोट दाखवायला जागाच नव्हती. तरी ते जुळून यायला दुसरं वर्ष उजाडलं, आणि तेवढा काळ ताईंनी जीव मुठीत धरून काढला. काकांचे कान टिकू देत, एवढंच त्या मनात म्हणत.

लेक आली. स्टेशनवर काकांनी तिला धरलं आणि यंत्राचा कान तिच्या तोंडाशी नेला. "बाबा, मी आले," ती म्हणाली. काका म्हणाले, "अगं ओरडू नकोस, ऐकू येतंय." ती ओरडली नव्हतीच. ताई सामानापाशी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, लेक दिसली की आतली ही ओढ एकदम निवेल. निवली नाही. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या लेकीसाठीच जीव तुटत होता.

दिवस मात्र सुखाचे गेले. लेक नदीवर जाई, चिखलानं माखून येई, बापाजवळ बसून दिवसभराचं सांगे. ताईंनी तिला नवी काडी बसवून आणली. एका संध्याकाळी तिघं चहा घेत होती. बाहेर पाऊस लागला होता. लेक कप दोन्ही हातांत धरून खिडकीतून बघत सहज म्हणाली, "घरी असते तर अशा वेळी दिवा लावून कामाला बसले असते."

काकांना ते ऐकू गेलं नाही. ताईंना गेलं. 'घरी' म्हणजे कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. लेकीच्याही लक्षात आलं नाही, ती काय बोलून गेली. तिच्या कपातला चहा निवत चालला होता.

"आण," ताई उठत म्हणाल्या, "गरम करून देते."