दोन कोटींचा खांब

भाताची रोपं वाफ्यातच पिवळी पडलेली दिसली, की वेल्ह्याला असतानाची एक चौकशी अजून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नाव कुणाचंच लिहीत नाही. ती माणसं आजही तिथंच आहेत आणि त्यांचे बांध एकमेकांना लागून आहेत.

सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो. गुंजवणी खोऱ्यातल्या एका गावाहून एक म्हातारे गृहस्थ अर्ज घेऊन आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. आसपासच्या वाड्यांनी मिळून काढलेल्या भात उत्पादकांच्या संस्थेचे ते अध्यक्ष. संस्थेच्या हिशेबनीस बाईंनी एक कोटी रुपयांचा अपहार केला, असा अर्ज होता. बाई म्हणजे तात्यांच्या पुतण्याची बायको, भोरच्या कॉलेजात शिकलेली.

"पैसे गेले हे कशावरून म्हणता?" मी विचारलं.

"समद्या गावानं भितीवर बघितलं, साहेब. गेल्या साली दोन कोटी, औंदा एक. मधलं गेलं कुठं?"

वार्षिक सभेत बाईंनी संगणकावरचा आलेख भिंतीवर दाखवला होता. तात्यांनी मोबाईलमधला त्याचा फोटो पुढे केला. दोन निळे खांब. एकावर '२ कोटी', दुसऱ्यावर '१ कोटी'. अक्षरं चांगली टपोरी होती. फोटोत मला काहीतरी खटकलं, पण काय ते उमगेना. मी फोटो अर्जाला जोडायला सांगितला.

एवढ्या रकमेच्या तक्रारीत लगेच गुन्हा दाखल करून मोकळं व्हायची घाई बरी नसते. आधी प्राथमिक चौकशी करायची असं ठरवलं, आणि तेवढ्यात निनावी फोन आला. "बाई पिशवी भरून एसटीच्या थांब्यावर हुबी हाय. पळतीया."

आम्ही पोचलो तेव्हा ती खरंच उभी होती. पिशवीत संस्थेचा लॅपटॉप होता. भोरला हिशेब तपासनिसाकडे निघाले होते, असं म्हणाली. महिला पोलिसाला बरोबर घेऊन तिला ठाण्यात आणलं आणि समोर बसवलं.

चोराकडे उत्तरं तयार असतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव. या बाईकडे एकही नव्हतं.

"म्या रुपयाला हात लावला न्हाई, साहेब. पर आकडा कुठं चुकला तेच कळंना. सभेत दंगा झाला तवापासून ती फाईल उगडायचंच भ्या वाटतंय."

"मग तपासनिसाकडे कशाला?"

"त्यांनी उगडावी म्हनून." मग तिनं मान वर केली. "कोंडायचं तर कोंडा, सोडायचं तर सोडा, पर लवकर काय ते करा. माजी रोपं वाफ्यात ताटकळल्यात. इर्जिकीला कुणी यायला तयार न्हाई."

त्या भागात भातलावणी इर्जिकीनं होते. आज सगळे तुझ्या वावरात, उद्या सगळे माझ्या. तिच्या वावरात भावकीतलं कुणीच फिरकलं नव्हतं. रोप एकदा जून झालं की लावूनही धड ओंबी धरत नाही. कोर्टात तिचं काय व्हायचं ते होवो, पण तिचं सालभराचं पोट त्या आठवड्यात ठरणार होतं. मला तिची दया आली, आणि चौकशीत दया येणं धोक्याचं, म्हणून स्वतःचा रागही आला.

तिला घरी सोडून मी सभासदांचे जबाब घेतले. सगळे एकच सांगत होते. दोन कोटींचे एक कोटी झाले. खोटं बोलणारे साक्षीदार कुठेतरी फाटे फोडतात, हे तर एका सुरात बोलत होते. म्हणजे त्यांनी पाहिलं ते खरंच होतं.

मग बँकेचं उत्तर आलं. शिल्लक एक कोटी अठ्ठेचाळीस लाख.

मी ते दोनदा वाचलं. भिंतीवर तर एकच कोटी होता. चोरी झालेल्या घरात सामान वाढलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी अर्जाला जोडलेला फोटो पुन्हा काढून बघितला आणि खटकलेलं काय होतं ते एकदम दिसलं. एक कोटीचा खांब दोन कोटींच्या निम्मा असायला हवा. हे दोन्ही खांब उंचीला जवळजवळ सारखेच होते.

"फाईल उघडा," मी बाईंना पुन्हा बोलावून म्हणालो. तिनं उघडली. आलेखामागच्या तक्त्यात '१ कोटी' लिहिलेल्या चौकटीवर तिनं क्लिक केलं आणि वरच्या पट्टीत पूर्ण आकडा आला, एक कोटी अठ्ठेचाळीस लाख. '२ कोटी'च्या चौकटीत होते एक कोटी बावन्न लाख.

तिच्याच तोंडून मग सगळं बाहेर आलं. आधीच्या वर्षी तिनं पैशांसकट अख्खे आकडे दाखवले होते. मागं बसलेले ओरडले होते, "मुंग्यांची रांग लावलीय का?" म्हणून या वर्षी तिनं आकडे कोटींत आणि दशांश चिन्हापुढचं काही न दाखवता, मोठ्या अक्षरांत ठेवले. संगणकानं पन्नास लाखांवरचं वरच्या कोटीत ढकललं, खालचं गाळून टाकलं. तिला सगळे आकडे तोंडपाठ, त्यामुळे भिंतीवर काय दिसतंय ते तिनं नीट बघितलंच नाही. खरा फरक चार लाखांचा. ते गोदामाच्या पत्र्यांना गेले होते, आणि त्या खर्चावर सही तात्यांची होती.

मी विशेष सभा बोलवायला सांगितली. प्रोजेक्टर येण्याआधी त्या गावात हिशेब देवळापुढे मोठ्यानं वाचायची रीत होती, आणि वाचायचे तात्याच. कागद मी त्यांच्याच हाती दिला.

"एक कोटी बावन्न लाख," त्यांनी वाचलं. "एक कोटी अठ्ठेचाळीस लाख." मग पत्र्यांचा खर्च, आणि खाली स्वतःची सही.

त्यांनी चष्मा काढला. माफी वगैरे मागितली नाही. सासऱ्याच्या नात्याचा माणूस भरसभेत सुनेची माफी मागेल, अशी अपेक्षाही तिथं कुणी करत नाही.

"सूनबाई, रोपं किती ऱ्हायली?"

"निम्मी, तात्या. बाकी जून झाली."

"उंद्या इर्जिक तुज्या वावरात. माजं मागनं बगू."

अर्ज दप्तरी दाखल करून मी प्रकरण मिटवलं. तेव्हापासून मोठी रक्कम ऐकली की मी ती लाख-हजारांसकट उलगडून मागतो. आकडा सुटसुटीत करावा, जरूर करावा. पण त्यात काय झाकलं गेलं, हे दाखवणाऱ्यानं आधी स्वतः बघावं. आणि आकडा वाचला म्हणून माणूस वाचला, असं आपण समजू नये.

सभेच्या दुसऱ्या दिवशी त्या वाटेनं जाताना मी जीप थांबवली. अख्खी भावकी तिच्या चिखलात वाकली होती, तात्यासुद्धा. परतताना पाहिलं तर दुपारच्या आतच लावणी आटोपली होती. रोपंच संपली होती; उरलेलं निम्मं वावर नुसतंच पाण्यानं भरलेलं होतं, आणि तात्या बांधावर त्याच्याकडे तोंड करून बसले होते.