आडवं पेन

चष्मेवाल्याला आई आठवत नव्हती. त्याला आठवायची ती ताई, आणि ताईच्या लग्नानंतर ताईचा नवरा. माहेरी कुणी उरलं नाही म्हणून ताईने सासरी जाताना धाकट्या भावाला ट्रंकेसारखं बरोबर नेलं, तेव्हा त्या घरात बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. भाऊजींनी मुरडलं नाही. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे, बोलायचे कमी, आणि रविवारी पेपरातलं गूढ शब्दकोडं घेऊन बसायचे. एका रविवारी त्यांनी या घुम्या पोराला शेजारी बसवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘कामगार वाटेत थंडावा लपवून आहे.’ अक्षरं तीन.

हा कामगार कुठल्या वाटेने जात असेल, याचा पोराने पुष्कळ विचार केला. भाऊजी गप्प. जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी गप्पच. शेवटी पोराला दिसलं, की कामगारही खोटा आणि वाटही खोटी. ‘कामगार वाटेत’ या अक्षरांच्या पोटातच ‘गारवा’ बसलेला आहे. तो एवढ्या जोरात ओरडला, की ताई लाटणं घेऊन बाहेर आली. भाऊजी म्हणाले, "मी सांगितलं असतं, तर तो तुझा झाला असता का?"

त्या घरात त्याला मिळालेली ती पहिली गोष्ट, जी कुणाची उतरलेली नव्हती.

पुढे भाऊजींनीच त्याला चष्म्याच्या दुकानात चिकटवलं. म्हातारा मालक गेल्यावर दुकान त्याच्याकडे आलं. समोर फ्रेमा आणि आरसे, मागे काचा घासायचं मशीन, भिंतीवर खाली उतरता उतरता बारीक होत जाणारी अक्षरं. लग्न काही झालं नाही. "मुलगी बघायला गेला, की तिच्या डोळ्यांचा नंबर सांगून परत येतो," असं ताई ज्याला त्याला सांगायची. जेवायला तो ताईकडेच असायचा. दुसरं घर त्याला नव्हतं.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, की मागच्या टेबलाभोवती चौघं जमायची. चष्मेवाला, भाऊजी, एक वकील आणि सिस्टर. वकील कोर्टात कमी आणि कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर प्रतिज्ञापत्रं करण्यात जास्त असत. सिस्टर इस्पितळातली ड्यूटी संपवून यायच्या, म्हणून नेहमी उशिरा, आणि आल्या आल्या पाय खुर्चीवर घ्यायच्या. प्रत्येकाकडे स्वतःचा पेपर. एकाच पेपरात चौघांनी डोकी घालणं म्हणजे एका ताटात जेवून कोण जास्त खातंय ते बघणं, असं भाऊजींचं मत होतं.

या छंदातलं सुख बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. ताईला तर ते कधीच समजलं नाही. "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती," ती म्हणायची. आठवडाभर एखादी ओळ डोक्यात कुसळासारखी टोचत राहते. काच घासताना टोचते, गिऱ्हाइकाचा हिशोब करताना टोचते. मग दाढी करताना अचानक गाठ सुटते आणि माणूस फेसासकट हसतो. आणि नाही सुटली, तर कोडं रचणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. वकिलांना खात्री होती, की त्या रचणाऱ्याला घरी कुणी विचारत नसणार. त्याशिवाय माणूस इतका खुनशी होत नाही.

वकिलांचं तोंड मात्र त्यांच्या ताब्यात नसायचं. उत्तर सुचलं की ते फुटायचंच. एकदा भाऊजी आठवडाभर उराशी धरून बसलेली ओळ वकिलांनी पान खाता खाता सांगून टाकली. भाऊजी उठले, चपला घातल्या आणि कितीतरी महिने दुकानाकडे फिरकले नाहीत. ते परत आले ते नियम ठरवूनच. ज्याने आपलं पेन पेपरावर आडवं ठेवलं, ती ओळ त्याची. तो स्वतः पेन उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, सुचवायचं नाही, विचारायचंसुद्धा नाही. आपापलं कोडं मुकाट्याने सोडवत बसायचं. त्यालाच वाटलं तर तो एखादा आडून इशारा करेल, तेवढाच बाकीच्यांनी चघळायचा. कधीकधी अख्खी दुपार पेन आडवं असायचं, आणि दुकानात फक्त पंख्याचा आवाज. त्या शांततेचीसुद्धा त्यांना चटक लागली होती.

त्या रविवारी भाऊजी जरा उशिराच आले. फ्रेमांच्या कपाटाला डावा खांदा लावून ते नेहमीच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि थोड्या वेळाने त्यांनी पेन आडवं ठेवलं.

कुठल्या ओळीवर, ते चष्मेवाल्याने वाकून पाहिलं आणि तो चक्रावला. ‘नदी उलटी वाहिली, तर गरीब होते.’ अक्षरं दोन. नदी उलटी केली की दीन. नवशिक्याने चहात बिस्कीट बुडवता बुडवता सोडवावी अशी ओळ, आणि तिच्यासमोर भाऊजी पुतळ्यासारखे बसले होते. वकिलांनी भुवया उंचावल्या. चष्मेवाल्याने खांदे उडवले. मग दोघांनाही एकच शंका आली, की भाऊजी अडलेत म्हणजे पाणी खोल असणार. ‘दीन’ हा सापळा आहे आणि आपण त्यात अलगद पडलो. दोघांनी लिहिलेलं उत्तर खोडलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

बऱ्याच वेळाने भाऊजी म्हणाले, "हा हात कुणाचा आहे इथे?"

शब्द किंचित जड होते, पण ते सुपारी चघळत असले की तसेच बोलायचे. वकिलांचे डोळे चमकले. इशारा! त्यांनी समासात ‘हात कुणाचा’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. हात, कर, हस्त, बाहू. दोघंही त्या शब्दांची उलटापालट करत बसले. आणि तो हात भाऊजींचा स्वतःचा होता. त्यांच्या मांडीवर पडलेला, डावा.

समोरच्या आरशात भाऊजींचा चेहरा दिसत होता. चष्मेवाल्याने एकदा वर पाहिलं, तर डावा गाल खाली ओघळल्यासारखा वाटला. दिवसभर माणसांच्या चेहऱ्यांवर फ्रेमा बसवणारा माणूस तो. कुठला कान वर आणि कुठला डोळा खाली, हे त्याला न मोजता कळायचं. "भाऊजी, बरं वाटत नाही का?" एवढं वाक्य त्याच्या ओठांवर आलं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. वकिलांनी ओठांवर बोट ठेवून आडव्या पेनाकडे खूण केली. चष्मेवाल्याने तोंड मिटलं. भाऊजी पुन्हा चपला घालून निघून गेले तर, ही भीती त्याला त्या गालापेक्षा मोठी वाटली.

सिस्टर शटरखालून वाकून आत आल्या, तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. पर्स खांद्यावरून उतरवता उतरवता त्यांनी भाऊजींकडे पाहिलं आणि पर्स हातातून पडली.

"कधीपासून असे बसलेत हे?"

दोघंही गप्प. सवयच ती.

"अहो, बोला ना! तोंड वाकडं झालंय त्यांचं. दुपारभर काय, डोळे फुटले होते का तुमचे?"

इस्पितळात डॉक्टरांनीही तेच विचारलं. कधीपासून? चष्मेवाल्याने खरं ते सांगितलं, दुपारपासून. डॉक्टरांनी मान हलवली. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेत द्यावं लागतं, ती वेळ टळून गेली होती. जीव वाचेल म्हणाले, बाकी बघू. तेवढ्यात ताई पायऱ्या चढून धापा टाकत आली. चष्मेवाला काही बोलायच्या आत वकील पुढे झाले. "एकाएकी झालं हो वहिनी. बोलता बोलता. आम्ही लगेच उचलून आणलं." ताईने भावाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय गेले. त्याहून विचित्र म्हणजे, भाऊजींची डावी बाजूच जगातून नाहीशी झाली. ताटातल्या उजव्या बाजूचंच ते खात आणि पोट भरलं नाही म्हणून चिडत. दाढी अर्धीच करत. कोडं पुढ्यात ठेवलं, तर उजव्या चौकटींवर बोट फिरवून म्हणत, "आज अर्धंच छापलंय." वकील एकदा भेटायला आले, ते पुन्हा आले नाहीत. सिस्टर मात्र येत. चष्मेवाल्याशी बोलत नसत, पण त्याच्याकडे बघत, आणि त्याला त्याचा अर्थ कळे.

"तुझ्याकडे इतक्या काचा आहेत," ताई म्हणाली, "एखादा चष्मा बसव की त्यांना."

त्याने काचांची पेटी आणून डोळे तपासले. डोळ्यांत काही दोष नव्हता. चूक डोळ्यांच्या मागे कुठेतरी होती आणि तिथे त्याची काच पोचत नव्हती. हे ताईला सांगताना त्याला आपलीच कीव आली.

ताई वाळत चालली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच सांगायची. त्या दिवशी सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून ती नवऱ्याला नाही नाही ते बोलली होती. "माझ्या जिभेनं घेतला बळी. तोंड बांधून ठेवलं असतं तर हे झालं नसतं." शेजारणींना सांगायची, दूधवाल्याला सांगायची. कानाला खडा लावल्यासारखी ती नवऱ्याशी मोठ्याने बोलेनाशी झाली. चष्मेवाला ऐकायचा आणि भाऊजींना उचलून खुर्चीत बसवायचा. ज्या जिभेने त्याला वाढवलं होतं, ती अशी मुकी होताना त्याला बघवेना.

एका दुपारी ती भाऊजींना भात भरवत होती आणि पुन्हा तेच म्हणाली. चष्मेवाला त्यांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसला होता.

"ताई, तुझ्या बोलण्याने नाही झालं," तो म्हणाला. "आमच्या न बोलण्याने झालं."

मग त्याने सगळं सांगितलं. आडवं पेन, खोडलेलं उत्तर, हात कुणाचा, ओघळलेला गाल. "मला दिसलं होतं, ताई. मी विचारणार होतो. नाही विचारलं." भाऊजी भात चावत होते. त्यांना यातलं किती कळत होतं, देव जाणे.

ताई रडली नाही, ओरडली नाही. तिने नवऱ्याच्या ओठांवरचं शीत पुसलं.

"येत जा तू," ती म्हणाली. "मला एकटीला उचलत नाहीत ते. अंघोळीला माणूस लागतो." मग तिने भाऊजींच्या डाव्या हाताकडे, भिंतीजवळच्या जागेकडे चमचा केला. "पण बसायचं तिकडे. तुझं तोंड त्यांना दिसायला नको."

चष्मेवाला उठला. स्टूल उचलून, खुर्चीच्या मागून जाऊन, भिंतीला टेकून बसला. भाऊजींचा पडलेला हात त्याच्या गुडघ्याला लागत होता.

भाऊजींनी घास गिळला आणि मघाच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"मेहुणा गेला का गं?" त्यांनी विचारलं.

"गेला," ताई म्हणाली, आणि तिने पुढचा घास भरवला.