दादांनी सोडलेली अकोटची गाडी

माझ्या वडिलांनी स्वतःच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आदरांजलीच्या, कार्यक्रमात अकोटची गाडी सोडली, आणि अर्धा मांडव तिच्यात बसायला निघाला.

हसू नका. निदान इतक्यात तरी हसू नका, कारण त्या मांडवाच्या मधोमध पांढरा सदरा घालून, हात जोडून मी उभा होतो आणि ही सगळी करणी माझीच होती.

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा अकोल्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागे बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते भोंग्यावरून सांगायचं, हे त्यांचं काम. घरी हा माणूस अस्सल वऱ्हाडी. "अबे, चप्पल कुठी ठेवली माही?" पण माइकचं बटण दाबलं की त्यांच्या तोंडून कोणी दुसराच गृहस्थ बोलायला लागे. 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!' आई म्हणायची, "घरीबी असंच बोलत जा ना एखांद्या वेळी. 'मंडळींनी कृपया चहा द्यावा!'"

आमचं घर स्टँडच्या भिंतीला लागून, मागच्या गल्लीत. त्यामुळे दादा कामावर गेले तरी घरातून कधी गेलेच नाहीत. आई भाकरी थापता थापता त्यांचा आवाज ऐकत असे आणि त्यावरून तिला सगळं कळे. आवाज खोल गेला, म्हणजे डबा खाल्लेला नाही. आवाज चढला, म्हणजे कुठल्या तरी ड्रायव्हरशी वाजलं आहे. पाहुण्यांचीही सोय होती. अकोटहून मामा-मावश्यांचं लटांबर आलं, की परतीच्या वेळी त्यांना स्टँडवर ताटकळावं लागत नसे. आमच्याकडे चहा पीत बसायचं, गप्पा हाणायच्या, आणि भिंतीपलीकडून 'चोहोट्टामार्गे अकोटला जाणारी गाडी' एवढं ऐकू आलं की पिशव्या उचलून चालू लागायचं. मग कपात अर्धा चहा असो की तोंडात अर्धं वाक्य! आमच्या घराण्यातल्या कितीतरी भांडणांचा निकाल त्यामुळे आजवर लागलेला नाही.

त्याच भोंग्यावरून दादांनी एकदा मलाही पुकारलं होतं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. दादांना शोधायला गेलो आणि स्टँडवर हरवलो. एका हमालाने मला चौकशीच्या खिडकीपाशी नेऊन उभं केलं. दादांची मान वेळापत्रकात. त्यांनी वर न बघता हमालालाच वर्णन विचारलं आणि घोषणा केली, 'एक लहान मुलगा सापडला आहे. अंगात हिरवा सदरा. नाक वाहत आहे. नाव सांगत नाही, नुसता रडतो आहे. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावे.' आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि खिडकीवर ओरडली, "माहा हाये! अन् तुमचाबी हाये!" तेव्हा कुठे दादांनी मान वर केली. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितला जातो. माझ्या लग्नात तर तो माइकवरून सांगितला गेला, आणि सांगणारे दादाच होते.

असे हे दादा निवृत्त झाले, म्हातारे झाले, आणि शेवटच्या वर्षी त्यांच्या डोक्यातलं वेळापत्रक विस्कटलं. माणसं ओळखेनात. मला ते कधी ड्रायव्हर समजायचे, कधी कंडक्टर. पण खाटेवर पडल्या पडल्या गाड्या मात्र सोडत राहायचे, एकेक गाव आणि एकेक थांबा बिनचूक. मला ते बघवत नसे. मी अमरावतीहून जायचो, खाटेशी बसायचो, आणि दादांनी गाडी लावली की उठून गल्लीत जाऊन उभा राहायचो. लोकांना वाटायचं, पोरगा बापासाठी औषध आणायला निघाला आहे. मग दादा गेले, आणि घर इतकं गप्प झालं की कूलरची घरघरसुद्धा सोबतीला बरी वाटायला लागली.

आई रडली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दादांबद्दल एकच विचारायची, "यायचा आवाज कोनाच्या मोबाइलात हाये का?" लोक घाईघाईने फोन काढायचे. फोटो निघायचे ढिगाने. दादा केक कापताना, दादा फेटा बांधून, दादा तोंड उघडं टाकून झोपलेले. आई फोन परत द्यायची.

"फोटो काय करू बाप्पा? भितीवर टांगला हायेच ना. मले आवाज पाह्यजे."

आवाज होता. तो माझ्या मुलीकडे होता, आणि तो आईच्या कानावर जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान करत होतो!

माझी मुलगी समता अमरावतीत कॉलेजला आहे आणि उरलेल्या वेळात 'बीट' बनवते. मी राजापेठेत वाणिज्य शाखेचे क्लास घेतो, त्यामुळे ज्या गोष्टीला डावी बाजू आणि उजवी बाजू नाही ती मला समजत नाही. ही पोरगी आवाज गोळा करते! लोक पोस्टाची तिकिटं जमवतात; हिने अकोटला जाऊन जिनिंगच्या यंत्राचा आवाज आणला, वरुडला जाऊन संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकतानाचा आणला. शिवाय घरचा मिक्सर, कूलर आणि माझं घोरणं (परवानगी न घेता!). हे सगळं लॅपटॉपमध्ये कापायचं, एकावर एक रचायचं, खाली धडाम्‌धुडूम ताल टाकायचा आणि त्यावर वऱ्हाडीत तोंड सोडायचं. याला हिपहॉप म्हणतात. तेच जरा हळू आणि उदास असलं की इंडी म्हणतात. (हा फरक तिने मला नीट समजावून दिला आहे. परीक्षेत आला तर मी नापास होईन.)

दादांच्या शेवटच्या वर्षी ती सुट्टीत अकोल्यात राहिली होती. मी गल्लीत जाऊन उभा राहायचो तेव्हा ती फोन धरून खाटेशी बसायची. "आबाजी, मूर्तिजापूर कोन्त्या फलाटावर?" की आबाजी खुशीत सुरू. त्याचं तिने गाणं केलं.

"बाबा, आजीले ऐकवू का?" तिने मला विचारलं.

"काय ऐकवतं? दादायचं डोकं ठिकानावर नव्हतं हे ऐकवतं? अन् वरतून ढोल लावून?"

"ढोल नाई बाबा, बेस हाये."

"बेस असो नाई त बेसन असो! साऱ्या अकोल्यानं ज्या मानसाच्या आवाजावर गाड्या पकडल्या, त्याचं शेवटचं बरळणं मी लोकाईले ऐकू देनार नाई. आईलेबी नाई."

"ते बरळत नव्हते," समता म्हणाली. "ते ड्यूटीवर होते."

मी रागावलो आणि गल्लीत जाऊन उभा राहिलो.

कार्यक्रमाच्या दिवशी अकोल्याचं ऊन सकाळपासूनच कोणाचं तरी उट्टं काढत होतं. गल्लीत मांडव घातला होता. मागच्या गल्लीतला विक्की लग्नात डीजे वाजवतो. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, ट्रकवर रचलेली स्पीकरच्या खोक्यांची भिंत. विक्कीने ती सबंध भिंत आणून दादांच्या फोटोशेजारी उभी केली.

"अबे, भाषणं हायेत, वरात नाई!" मी म्हणालो.

"काका, आबाजीचा आवाज कधी लहान होता का?" विक्की म्हणाला. मी खुर्च्या मांडायला गेलो.

थोड्या वेळाने मला पोटात काही तरी हलल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, पोट नव्हे, मांडव हलतो आहे. समता आणि विक्की त्या खोक्यांपाशी डोक्याला डोकं लावून बसले होते. मी धावलो.

"बेस चेक करून राहिलो काका," विक्की म्हणाला. "पोरीनं काय चीज बनवली, बापरे!"

"फोन दे इकडे," मी समताला म्हणालो. तिने मुकाट्याने दिला. मी तो माझ्या सदऱ्याच्या खिशात, थेट काळजावर ठेवला. "आता पायतो कसा वाजते थो!"

(फोन बंद करावा, हे मला सुचलं नाही. तो विक्कीच्या भिंतीशी बिनतारी जोडलेलाच होता, हे तर मला माहीतच नव्हतं. मी वाणिज्य शिकवतो.)

मूर्तिजापूरहून भंतेजी आले. वंदना झाली. मग आदरांजलीची भाषणं. एक निवृत्त कंडक्टर दादांविषयी बोलायला उठले आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलून बसले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी खास कमावलेल्या शुद्ध मराठीत म्हणालो, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून दादांना आदरांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. भंतेजी आसनावर होते, आणि गुडघ्यांमुळे आई तेवढी पुढच्या खुर्चीत बसून होती. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि खरं सांगतो, मनापासून गहिवरून ते छातीशी घट्ट दाबले. गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट दाबले!

भिंतीने घसा खाकरला.

तसा घसा जगात एकच माणूस खाकरायचा. मग जिनिंगचं यंत्र धडधडलं, वरुडच्या पेट्यांवर ठकाठक खिळे पडले, आणि दादा बोलले, 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. चोहोट्टामार्गे अकोटला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे.'

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. अकोटचे महादेवमामा, आईचे थोरले भाऊ, खाली वाकले. खुर्चीखालची पिशवी उचलली. मामीला कोपर मारलं. "चाल, लागली." आणि निघाले! त्यांच्या मागोमाग सगळं अकोट निघालं. कोणी विचार केला नाही. त्यांच्या पायांनीच गेली कित्येक वर्षं त्या आवाजाचं ऐकलं होतं. उभे तर सगळे होतेच. दुर्दैवाने जेवणाचा मांडवही त्याच दिशेला होता. त्यामुळे ज्यांचा अकोटशी काडीचा संबंध नाही, त्यांना वाटलं पंगत बसली. तेही धावले. तिकडून आचारी झारा घेऊन आडवा आला. "कुठी येऊन राहिले बाप्पा! वरन शिजाचं हाये अजून!"

भिंतीतून आता समताचा आवाज त्यांना आणखी चेव देत होता:

'फलाट चार, गाडी तयार,
काहून थांबला, बस ना यार!'

"विक्की, बंद कर थे!" मी ओरडलो. विक्कीने घाबरून हाताला लागली ती वायर उपटली. ती माझ्या माइकची होती. आता गाणं चालू आणि माझी दिलगिरी बंद. मी समतावर धावून गेलो.

"लाज नाई वाटत तुले? आजच्या दिवशी?"

तिने दोन्ही रिकामे हात वर केले आणि माझ्या छातीकडे बोट दाखवलं. "बाबा, तुमच्याच खिशात वाजून राहिला थो!"

मी फोन काढला. त्याला कुलूप. घामेजल्या अंगठ्याने मी दिसेल तिथे दाबलं, आणि आवाज दुप्पट झाला. दादांनी आता मूर्तिजापूरची गाडी लावली. भंतेजी इतका वेळ डोळे मिटून अचल बसले होते. त्यांनी डोळे किलकिले करून आपल्या झोळीकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

तेवढ्यात मामा गल्लीच्या तोंडाशी जाऊन घामाघूम होऊन परत आले. "दिलीप, तिथं त नुसती रिक्षा उभी हाये. गाडी कुठी लागली?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. ज्या माणसाचा शेवट मला चारचौघांपासून लपवायचा होता, तो मी स्वतःच्या हाताने लग्नातल्या डीजेवर लावला होता. समताने माझ्या हातून फोन घेतला आणि बंद करण्यासाठी अंगठा उचलला.

"राहू दे," आई म्हणाली.

ती डोळे मिटून बसली होती. मान किंचित तिरकी, जशी चुलीपाशी असायची.

"राहू दे पोरी. जेवून बोलून राह्यले ते. आवाज पाय ना कसा भरेल हाये." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना धार लागली.

मग कोणी हललं नाही. अकोटवाले पिशव्या धरून तसेच उभे. हळूहळू ताल उतरला, यंत्र थांबलं, खिळे थांबले. कूलरची घरघर तेवढी उरली, आणि तिच्यावर दादांचा एकट्याचा आवाज आला, 'एक लहान मुलगा सापडला आहे. अंगात हिरवा सदरा.'

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा गल्लीत उभा होतो. वर्षभर मला ड्रायव्हर समजून 'गाडी काढ बे लवकर' म्हणणाऱ्या माणसाला तो सदरा आठवत होता. मी रुमालासाठी खिसे चाचपायला लागलो.

'नाक वाहत आहे. नाव सांगत नाही, नुसता रडतो आहे. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावे.'

गाणं संपलं. आईने डोळे उघडले आणि हात वर केला.

"माहा हाये," ती म्हणाली. "पाठवा इकडं."

सगळा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, रुमाल न सापडल्यामुळे बाहीने नाक पुसत उभा असलेला मी. वर्णन अजूनही तंतोतंत जुळत होतं. सदरा तेवढा पांढरा होता.