सव्विसावं कडं

विमानाचा पंख एकदा बंद झाला की आत हात जात नाही. म्हणून वायरमनचं म्हणणं असं, की तारांचा विचार आधी करायचा, पत्रा ठोकायला घेतल्यावर नाही.

त्याला सगळे वायरमनच म्हणत. बस डेपोत बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून तो निवृत्त झाला, तेव्हा थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, घरामागच्या शेडमध्ये विमान बांधत होते. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, आराखडे विकत आणून घरीच बांधायचं. दाजी पत्र्याचे कारागीर. त्यांची मुलगी दूरच्या शहरात विमान चालवायला शिकत होती, तिच्यासाठी हे सात वर्षं चाललं होतं. ताई म्हणायची, "पोरगी म्हातारी होईल, तेव्हा उडेल ते."

दाजींनी वायरिंग मेहुण्याकडे दिलं आणि पस्तावले. चार महिने त्यानं एकही तार ओढली नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसून कागदावर रेघा मारत राहिला. टोकाच्या दिव्याची तार कुठून, उतरताना लावायच्या दिव्याची कुठून, रेडिओच्या एरियलची त्यांच्यापासून किती लांब. वीज परत नेणारी तार वेगळी, पत्र्याच्या भरवशावर राहायचं नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. एक नळी रिकामी, आत नुसती दोरी, पुढे कधी काही ओढावं लागलं तर.

"मेहुणे, पंख बांधायचाय, राजवाडा नाही," दाजी म्हणत.

"राजवाड्यात तार पेटली तर माणूस दारातून पळतो. इथं कुठं पळणार?"

डेपोत एकदा एका गाडीची तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. भर रस्त्यात गाडी पेटली. ड्रायव्हर वाचला, त्याचे हात नाही वाचले. ती गाडी वायरमनच्या हातची नव्हती. तरी पत्र्याच्या भोकातून तार न्यायची म्हटलं की तो आधी भोकाची कड बोटानं चाचपून बघे.

प्रत्येक पंखाच्या सांगाड्यात तेरा फासळ्या. दर फासळीत तारांसाठी दोन भोकं, म्हणजे सव्वीस. प्रत्येक भोकाला रबरी कडं, तार कापली जाऊ नये म्हणून. वायरमनचा डेपोतला नियम असा, की लागणारे नग आधी मोजून डब्यात घ्यायचे. डबा रिकामा झाला तर काम झालं, नाहीतर नाही. दुसरा नियम, कागदावर बदलल्याशिवाय पत्र्यावर बदलायचं नाही. दाजी या नियमांची नक्कल करून ताईला हसवत, पण पाळत.

उजवा पंख असाच बंद झाला. डाव्याच्या वेळी दाजींना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि ताईला बसायला सांगितलं. महिने उरले नव्हते, आठवडे होते.

"विमान उडताना मी काही बघत नाही," शेडमध्ये परत आल्यावर दाजी म्हणाले. "दोन्ही पंख बंद झालेले बघितले की बस. चला, रडायचं नंतर."

भोकांना कडी दाजींनीच बसवली, बसून होण्यासारखं काम म्हणून. तारा वायरमननं मुळाकडून सोडल्या आणि टोकाशी बसून दाजींनी त्या दोरीनं ओढून घेतल्या. मग वरचा शेवटचा पत्रा. रिव्हेट मारायला दोघं लागतात. एक बाहेरून हवेची हातोडी चालवतो, दुसरा आत हात घालून लोखंडी ठोकळा धरतो. हातोडी दाजींनी सोडली नाही. दहा रिव्हेट मारायचे, खुर्चीत बसायचं, श्वास जमवायचा, पुन्हा उठायचं. नऊ दिवस लागले. शेवटचा रिव्हेट बसला तेव्हा दाजींनी सगळ्या पंखावरून तळहात फिरवला. ताईनं चहा आणला.

दुसऱ्या दिवशी वायरमननं टेबल आवरायला घेतलं. डब्यात एक कडं होतं. पत्रा चढवण्याआधी डबा बघायचा, ते या वेळी दाजींच्या धापेत राहून गेलं होतं.

त्यानं डबा पालथा केला. टेबलाखाली पाहिलं, कागद पाहिला. कागदावर सव्वीस भोकं, त्याच्याच हातची. तपासणीच्या झाकणातून आरसा आणि दिवा घालून आत बघितलं. नवव्या फासळीपर्यंत सगळं ठीक. पुढचं दिसेना.

दोन दिवस तो जेवला न जेवल्यासारखा. शेवटी ताईच म्हणाली, "तोंड का पाडलंयस? काय ते बोलून टाक." त्यानं दोघांना सांगितलं.

"मी सगळी बसवली होती," दाजी म्हणाले. "पण त्या गोळ्यांनी डोकं जड असतं. शपथेवर नाही सांगत."

"एखाद्या कड्यानं लगेच काही..." वायरमन म्हणू लागला.

"हे तुम्ही बोलताय? मेहुणे, माझी पोरगी बसणार आहे त्यात. उघडा."

"शहाणे आहात का दोघं?" ताई ओरडली. "सात वर्षांनी बंद झालाय तो. चार दिवस डोळे भरून बघू दे की यांना!"

"उघडलेला बघतो," दाजी म्हणाले. "सवय आहे मला."

रिव्हेट मारण्यापेक्षा काढणं कठीण. डोकं नेमकं मधोमध ड्रिल करायचं, भोक केसभरही मोठं होता कामा नये. तीनशेच्या वर रिव्हेट. दर दहा रिव्हेटांनंतर वायरमन ड्रिल खाली ठेवून थांबे. दाजी खुर्चीतून सांगत, "घाई नको." दुसऱ्या दिवशी दुपारी तेही सांगता येईना. ताई त्यांना इस्पितळात घेऊन गेली. जाताना तिनं भावाकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी पत्रा सुटला. वायरमननं तो वर उचलला आणि एकेक फासळी बोटानं चाचपत गेला. बारा फासळ्यांत चोवीस कडी. तेराव्या फासळीत भोकच एक होतं आणि त्याला कडं होतं.

तो तिथंच खाली बसला. टोकाची फासळी अरुंद. उजव्या पंखात तिथं दोन भोकं पाडली तेव्हा मधे जेमतेम बोटभर पत्रा उरला होता. डाव्याच्या वेळी दाजी म्हणाले होते, एकच पाडू, दोन्ही तारा मावतील. तो म्हणाला होता, पाडा. ती रिपोर्ट आणायला जायची सकाळ होती, गाडी दारात उभी होती. कागद तसाच राहिला. परत आल्यावर त्यानं कडी मोजून डब्यात टाकली ती त्या कागदावरून.

इस्पितळाच्या जिन्यावर तो बराच वेळ उभा राहिला. आत गेलं की दाजी विचारणार. एक भोक कड्याविना उघडं होतं म्हणावं, तर तीन दिवस वाया गेले नाहीत असं त्यांना वाटेल, पण मुलीच्या पंखात आपल्याच हातून चूक राहिली हे घेऊन ते जातील. नव्हतं म्हणावं, तर बंद पंख मोडला तो फुकट. बत्तीस वर्षांत कामाबद्दल तो खोटं बोलला नव्हता. बोलायचं ठरवलं असतं तर काय बोलायचं हेही त्याला सुचत नव्हतं.

दाजींच्या नाकाला नळी होती. ताई उशाशी.

"कितवी फासळी?" दाजींनी विचारलं.

"कुठलीच नाही. तुमचं काम पुरं होतं. तेराव्यात आपण एकच भोक पाडलं, ते मी कागदावर उतरवलं नाही. चूक माझी."

ताईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना, म्हणून तो भिंतीकडे बघत राहिला.

दाजींना हसायचं होतं, खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं."

"पुरं बरोबर."

"मग बंद करा." त्यांनी डोळे मिटले.

चौथ्या दिवशी दाजी गेले. पंख उघडा होता.

भाची येऊन गेली. तिनं पंखाला हात लावला नाही. वायरमन रोज शेडमध्ये जाई, पत्र्यावरची धूळ पुसून परत येई. एकट्यानं होणारं काम नव्हतं, आणि कोणाला बोलवायला तोंड नव्हतं. तीन आठवड्यांनी एका सकाळी ताई शेडमध्ये आली आणि दाजींच्या खुर्चीतली उशी उचलून बाजूला ठेवली.

"ते ठोकळा धरायचं काय असतं, ते दाखव."

"ताई, तुझ्यानं नाही..."

"तुझ्यावरचा राग गेला म्हणून नाही आलेय. तो जाईल असं वाटत नाही मला. पण यांनी बंद करा म्हणून सांगितलं होतं."

त्यानं ठोकळा तिच्या हातात दिला, तिचं मनगट धरून आत नेलं आणि कोन दाखवला. सरळ धर, दाब ठेव, आवाजानं दचकू नकोस. हातोडी कडाडली. ताई दचकली. रिव्हेट वाकडा बसला.

"चालेल हा?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग काढ."

त्यानं ड्रिल उचललं.