फ्लॉपीताई आणि बिनपायांची बदकं

ऑफिसात सगळे तिला फ्लॉपीताई म्हणत. त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर एका कम्प्युटरच्या आत दुसरा, खोटा कम्प्युटर उभा करायचं. त्या खोट्या कम्प्युटरला जुनी फ्लॉपी वाचता यावी म्हणून लागणारा कोड तिने एकवीस वर्षांपूर्वी लिहिला होता आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

"ताई, आता काढू या ते," साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. "त्या वाटेने व्हायरस शिरतात. आणि वापरतं कोण?"

"शोधून दाखवते," ती फणकाऱ्याने म्हणाली. वेबसाइटवर सूचना टाकली: कोणी वापरत असेल तर कळवा.

महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग स्वेटर विणणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून फोन आला. नणंद-भावजय मिळून तो चालवत.

"काढलंत तर आमचा धंदा बसेल हो!" भावजय रडकुंडीला आली होती.

फ्लॉपीताईला आनंदाचं भरतं आलं. दुसऱ्याच दिवशी पुरावा गोळा करायला ती तिथे हजर! पण बघते तर एक डिझाइन उघडायला वीस मिनिटं, आणि खोटा कम्प्युटर मधेच मान टाकायचा.

"सवय झालीय," नणंद म्हणाली. "नवं मशीन आणलंय, पण फ्लॉपींवरची आमची तीनशे डिझाइनं या जुन्या प्रोग्रामच्या पोटात अडकलीत."

ताईचा चेहरा उतरला. आपलं लाडकं पोर इथे यांच्या मानगुटीवर बसलं होतं तर! तिने सरळ रजा टाकली, डिझाइनं बाहेर काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नव्या मशीनवर बदकाच्या चित्राचा पहिला स्वेटर विणला.

"अगंबाई!" भावजय ओरडली. "या बदकाला पाय आहेत!"

"म्हणजे?"

"आजवर नव्हते. गिऱ्हाइकांना सांगायचो, पोहतंय म्हणून."

ताईने जुना कोड उघडला. फ्लॉपीवरच्या फाइलच्या शेवटच्या ओळी तो वाचतच नव्हता. चूक तिचीच, एकवीस वर्षांची. तिने ती कबूल केली, तेव्हा नणंद खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि ताईही.

सोमवारी फ्लॉपीच्या कोडच्या अकरा हजार ओळी तिने स्वतःच्या हाताने उडवल्या. ताई आता रडणार म्हणून साहेबांनी हळूच रुमाल पुढे केला.

"तो ठेवा तुमच्याकडेच," ती म्हणाली. "आधी सांगा, जुन्या प्रिंटरच्या कोडचा नंबर कधी लावायचा?"