कानवाल्या कवडूची कुत्री

उंदीर काय, कोणीही मारतो हो. काठी घ्या, नेम धरा, हाणा. पण जमिनीला कान लावून "आत पाच आहेत, त्यातली एक गाभण" असं सांगणारा माणूस केळझरच्या पंचक्रोशीत एकच होता, तो म्हणजे कवडू. गव्हात उंदरांनी उच्छाद मांडला की शेतकरी त्याला बोलावणं धाडत. खांद्याला लोखंडी चापांची पिशवी अडकवून तो यायचा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवा व्हायचा, कान टेकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. रिकाम्या बिळात त्यानं कधी चाप लावला नाही. लोक त्याला कानवाला कवडू म्हणायचे, आणि तोही ते नाव मिरवायचा. का नाही मिरवणार? दुसरं काय होतं त्याच्यापाशी मिरवायला!

शहात्तर साली तापानं त्याला पंधरा दिवस आडवं पाडलं. ताप उतरला तो कान घेऊनच गेला. डावा पार बंद झाला. उजव्याला तोंड लावून ओरडलं तर काहीतरी पोचायचं, तेवढंच. बायकोपासून असलं काय लपणार? अन्नपूर्णेनं तिसऱ्या दिवशीच ओळखलं. रडली नाही, की कपाळावर हात मारला नाही. बाई मोठी खमकी. दार लावून, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून म्हणाली, "कोनाले सांगू नका. लोकाईले समजलं तर वावरात पाय ठेवू देनार नाई कोनी."

नावाचा घोर होताच, पण त्याहून मोठा घोर जिवाचा होता. चाप आत सरकवायचा तर कोपरापर्यंत हात बिळात घालावा लागतो. आणि उंदराच्या बिळात नाग मुक्कामाला येतो, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आतून फुसफुस ऐकू आली की माणूस हात घालत नाही. कवडूला आता ती ऐकू येणार नव्हती. म्हणून त्यानं ठरवलं, कुत्रं पाळायचं.

आंजीच्या रूपरावाकडे कुत्रीला चार पिलं झाली होती. नवराबायको दोघंही तिकडे गेली. ओठ बघून बोलणं ओळखायला कवडू शिकला होता. कुठं अडलं की अन्नपूर्णा हळूच कोपरानं ढोसायची.

रूपरावानं तांबडं दांडगं पिल्लू उचललं आणि त्याचे मागचे पाय पसरून दाखवले. "मोजून घे. वीस नखं आहेत. विसनखी आहे हे, विसनखी! आवाज पाह्य कसा आहे त्याचा, आख्खं आंजी उठवते."

आपल्याकडे जावयाचं घराणं बघावं तशी कुत्र्याची नखं मोजतात. साध्या कुत्र्याला अठरा, विसनखी म्हणजे राजा. दुसरा कोणी असता तर पिल्लू काखेत मारून चालता झाला असता. पण भुंकणारं कुत्रं कवडूला काय कामाचं? त्याचा आवाज आंजीला उठवील, कवडूपर्यंत कुठं पोचणार? आणि हे बोलायचीही चोरी.

त्यानं बरोबर एक जिवंत उंदीर आणला होता. अंगणात तीन टोपल्या पालथ्या घातल्या, उंदीर तिसऱ्या टोपलीखाली. विसनखी तिन्ही टोपल्यांवर भुंकलं, मग रूपरावाच्या वहाणेवर भुंकलं. दोन पिलं खेळतच राहिली. चौथी होती एक राखाडी, हडकुळी, अठरा नखांची. ती पहिली टोपली हुंगून पुढे गेली. दुसरी हुंगली, पुढे गेली. तिसरीपाशी बसली आणि मान वर करून तिनं सरळ कवडूच्या तोंडाकडे पाहिलं.

कवडू मुद्दाम दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. ती जागची हलली नाही. मान वळवून पुन्हा त्याच्याच डोळ्यांत बघत बसली.

कवडूच्या अंगावर सरसरून काटा आला. अडीच महिन्यांचं पिल्लू! उंदीर कुठं आहे ते नाकानं कळलं असेल, मान्य. पण ते कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं, हे त्याला कोणी शिकवलं?

"मले हे पाह्यजे," तो म्हणाला.

"काऊन बे? ही तर मुकी आहे! चोर आला तर त्याले बसाले पाट देईन!" रूपराव पोट धरून हसला.

"देऊ द्या. आमच्या घरी चोर येतेच कायले?" अन्नपूर्णा म्हणाली आणि तिनं पिल्लू पदरात घेतलं. नाव ठेवलं मैना. जी बोलत नाही तिला मैना म्हणायचं, असली अन्नपूर्णेची थट्टा!

पुढची दोन वर्षं मैनानं जे काम केलं ते बघताना कवडू कितीदा तरी तोंडाचा आ करून उभा राहिला असेल. उंदीर असलेल्या बिळावर ती पुढचा पाय ठेवायची आणि त्याच्याकडे बघायची. बीळ रिकामं असलं तर थांबायचीच नाही. आत नाग असला तर कवडूच्या आडवी यायची. एकदा फसली असेल तर शपथ. पण कवडू मोठा लबाड. लोकांसमोर तो तसाच आडवा व्हायचा, जमिनीला कान लावायचा आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी मैनाचा पाय बघायचा. लोक म्हणायचे, "कान असावा तं कवडूसारखा!" राबायची कुत्री, नाव व्हायचं याचं. त्याला लाज वाटायची, नाही असं नाही. पण वाटून तरी काय, सोडवत नव्हतं.

एकोणऐंशीच्या शिमग्याआधी प्रभाकररावांच्या वावरात गव्हाची कापणी चालली होती. दहा-बारा माणसं, त्यांत अन्नपूर्णाही विळा घेऊन. प्रभाकररावांकडे वर्ध्याहून पाहुणे आले होते. त्यांना ते कौतुकानं म्हणाले, "आता आमच्या कवडूचा कान पाहा."

मैना पन्नास पावलं लांब, दुसऱ्याच बिळाशी हुंगत होती. तिला हाक मारायची, थांबायचं, एवढंच करायचं होतं. पण पाहुण्यांसमोर कानवाल्या कवडूनं कुत्रीची वाट बघायची? तो आडवा झाला, कान टेकला आणि ठोकून दिलं, "चार आहेत." आणि चाप घेऊन हात आत घातला.

आतून फुसफुस झाली ती कापणाऱ्यांनीही ऐकली. "कवडू, हात काढ! अबे, हात काढ!" सगळं वावर ओरडलं. अन्नपूर्णा विळा टाकून पळत सुटली. कवडू मात्र पोटावर पडून हात अजून आत सरकवत होता. तेवढ्यात लांबून राखाडी रेघ सुसाट आली. तिनं कोपराच्या वर त्याची बाही दातांत धरली आणि मागे असा हिसका दिला की गडी अख्खा उलथा झाला. मोकळ्या झालेल्या बिळातून वीतभर फणा बाहेर आला, डोलला आणि उभ्या गव्हात निघून गेला. कवडूच्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता.

माणसं विळे टाकून भोवती गोळा झाली. मग प्रभाकरराव त्याच्यासमोर येऊन बसले. "एवढे बोंबललो आमी, तुले आयकू नाई आलं?"

कवडूला ते ओठांवर स्वच्छ दिसलं. अन्नपूर्णा काहीतरी बहाणा सांगायला पुढं झाली, पण त्यानं तिचा हात धरला.

"नाई आलं, भाऊ. तीन वर्सं झाले, मले आयकू येत नाई. तुमी ज्या कानाची तारीफ करता, तो माहा नाई. हिचा आहे." त्यानं मैनाला जवळ ओढलं. सांगून टाकलं एकदाचं, आणि आता हाकलतात की काय म्हणून मान खाली घालून बसला.

प्रभाकररावांनी त्याची हनुवटी धरून मान वर केली. "उद्या पलीकडचा धुरा पाहाचा आहे. मैनाले घेऊन येजो," ते सावकाश म्हणाले. "पन काय भुंकली रे कुत्री तुही! धावत आली तशी भुंकतच आली."

"मैना? भुंकली?" कवडूला वाटलं, ओठ वाचण्यात चूक झाली. त्यानं एकेका तोंडाकडे पाहिलं. सगळ्या माना हलल्या. जन्मात पहिल्यांदा भुंकली होती ती, त्याच्यासाठी. ऐकलं सगळ्यांनी, फक्त त्यालाच पोचलं नव्हतं.

त्यानं तिच्या गळ्यावर हात ठेवला. "मैना, अजून एक डाव भुंक वं." ती गप्प, नुसती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. त्याचे डोळे भरून आले. "कशी भुंकली वो?" त्यानं सगळ्यांना विचारलं.

आता हे सांगायचं कसं? तेव्हा अन्नपूर्णा, जी चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, ती गव्हाच्या धसकटात गुडघे टेकून बसली, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि पाहुण्यांसमोर, गावासमोर, पोटातून जोर काढून भुंकली, "भोंऽ भों! भोंऽ भों!"

कोणी हसलं नाही.

"अशी वो," ती धापा टाकत म्हणाली. "अशी भुंकली."

कवडूनं डोळे मिटले.

"अजून एक डाव," तो म्हणाला.