उताराची डावी बाजू

लावण्याचं कोपर कसं मोडलं, हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे — मी जे सांगितलं, ते ठाऊक आहे. खरं काय झालं ते मी नवऱ्याजवळही बोललेले नाही, आईजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलतेय.

पण आधी त्या सकाळी आठवू द्या. आम्ही दोघी माउंटन बाइकच्या शर्यतींची तयारी करायचो. सोलापुरात कुठला आलाय डोंगर? — लोक हसायचे. आम्हाला शहराबाहेरचं माळरान पुरायचं. मुरमाड चढ, ओढ्याची घळ, बाभळींमधून गेलेली शेळ्यांची वाट. लावण्याचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. मी वर्षानं मोठी, म्हणून मला अक्का म्हणायची. सराव संपला की दगडावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी चावताना तिच्या दातांखाली असा काही कडकड आवाज व्हायचा, की आम्ही दोघी हसून लोळायचो आणि आमचे प्रशिक्षक सर लांबून ओरडायचे. तेवढं सुख मला पुढं कुठल्या पदकानं दिलं?

मग चढावर ती माझ्यापुढं जायला लागली. आधी एखाद्या दिवशी, नंतर रोजच. "तिची लय बघ," सर मला म्हणायचे. मी हसून मान हलवायचे. आत काय होत होतं, ते — जाऊ दे, तुम्हाला कळलंच असेल.

राज्य संघाची निवड-शर्यत होती. आमच्यातल्या एकीलाच पुढं जाता येणार होतं. माळ आम्हाला नवा. आदल्या दिवशी मार्ग बघायला मिळाला, पण बारावीच्या प्रात्यक्षिकामुळं लावण्या येऊ शकली नाही. मी फिरून आले. एका जागी तीव्र उतार होता. डावी बाजू गुळगुळीत, पण मध्येच पावसानं खोल चर पाडलेला — वरून अजिबात न दिसणारा. उजवीकडं दगड होते, पण वाट सुखरूप.

शर्यतीच्या सकाळी हेल्मेटचा पट्टा आवळता आवळता तिनं विचारलं, "अक्का, तो उतार कसाय गं? कुठून घेऊ?"

नकळत तोंडातून गेलं असं म्हणू? ते आणखी एक खोटं होईल. मी तिच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडून घे. ब्रेक सोड बिनधास्त."

पहिल्याच फेरीत ती माझ्यापुढं होती. मी उतारापाशी पोचले तेव्हा ती चराच्या पलीकडं बसली होती, हात पोटाशी धरून. माणसं धावत येत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी उजवीकडून खाली आले आणि पेडल मारत राहिले.

निवड माझी झाली.

एवढ्यावरच थांबले असते तर? कधीतरी बोलण्याचं धाडस झालंही असतं. पण संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. तिची आई उशाशी बसली होती. लावण्या हळूच म्हणाली, "तू डावीकडून म्हणालीस की, अक्का?" आवाजात आरोप नव्हता — नुसतं विचारत होती. मी तिचा धड हात हातात घेतला. "उजवीकडून म्हटलं होतं गं. गडबडीत उलटं ऐकलंस तू."

ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असंल. माझंच ध्यान नव्हतं." आणि आईला तेलुगूत काहीतरी समजावलं. मला कळलं ते एवढंच — अक्काची चूक नाही.

ते कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालं नाही. हँडलवर भार देता येईना, सायकल विकली गेली. मी राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोचले, खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी लागली. माझ्या सत्काराला ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

आता ती औषधांच्या दुकानात काम करते. परवा सहज गेले होते. गिऱ्हाइकानं गोळीचं नाव सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. तो वैतागला, तशी ती ओशाळून हसली.

"माझ्या कानांचा भरवसा नाही हो. ह्या अक्काला विचारा की — एकदा हिचं उलटं ऐकलं आणि हात मोडून घेतला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली — हो म्हणून.